पेरणखोलची राहती संख्या

यंत्राचा फोन आला तेव्हा शालन नांगरे म्हशीच्या धारेला बसली होती. चरवी गुडघ्यांत धरून तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई बोलत होती. म्हणजे बाई नव्हतीच ती, कोल्हापूरच्या लोकनियोजन केंद्राचं यंत्र होतं. पण बोलायला इतकं अदबशीर, की शालन उगीचच सावरून बसली. घरात माणसं किती, वयं काय, दुखणीखुपणी कोणती, असं विचारत विचारत ते शेवटच्या प्रश्नावर आलं.

"अडीअडचणीला तुम्ही गावात कोणाकोणाची मदत घेता?"

हा प्रश्न शालनला झोंबला. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेल्याला दोन वर्षं होत आली होती, एकुलती लेक पुण्यात, शेताचं-घराचं सगळं तिच्याच अंगावर. म्हणून काय कुणीही उठावं आणि असलं विचारावं?

"कुणाची न्हाई," ती म्हणाली. "आम्ही कुणाच्या दारात हात पसरत न्हाई."

"धन्यवाद," यंत्र म्हणालं आणि त्यानं पुढच्या घरी फोन लावला. पुढचं घर इंदू गुरवचं. तिनं हेच उत्तर जरा आवाज चढवून दिलं. त्या आठवड्यात पेरणखोलच्या साठ-पासष्ट घरांनी आळीपाळीनं यंत्राला ठणकावून सांगितलं, की आम्हांला कुणाची गरज लागत नाही. आपण सगळ्यांनी मिळून केवढा घोटाळा करून ठेवलाय याचा पत्ता गावाला उन्हाळ्याच्या शेवटी लागला.

इथं त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी दहा वर्षांतून एकदा शिरगणती व्हायची. डोकी मोजून त्यांचे आकडे छापून येईपर्यंत निम्मी डोकी दुसऱ्या गावाला गेलेली असायची. मग एकीकडे दवाखान्याची नवी इमारत उभी राहायची आणि तिचं कुलूप उघडायला माणूस नसायचा. दुसरीकडे माणसांची दाटी आणि नर्सबाई एकच. यावर तोडगा म्हणून नवी रीत निघाली. यंत्र प्रत्येक घराला वर्षातून एकदा मोजके प्रश्न विचारतं. त्यात विजेच्या मीटरचे, एसटीच्या तिकिटांचे, शाळेच्या पटाचे आकडे नावं गाळून मिसळतं आणि संगणकाच्या पोटात एक खोटं गाव वसवतं. त्या गावात खऱ्या गावाइतकीच माणसं असतात. वयानं, दुखण्यानं, शेतीवाडीनं खऱ्यासारखीच, फक्त बिननावाची. मग संगणक त्या गावाला पुढची दहा वर्षं जगायला लावतो. एकदा नाही, हजारो वेळा. कधी पाऊस कमी, कधी रस्ता नवा, कधी साथ. दर खेपेला किती जण राहिले याची सरासरी काढली, की ती त्या गावाची राहती संख्या. सरकारी पैसा आता या राहत्या संख्येवर मिळायचा.

यातली खरी गोम संशोधकांना जुनी सर्वेक्षणं चाळताना सापडली होती. माणूस गाव सोडणार की नाही, हे त्याच्या जमिनीवरून किंवा पगारावरून फारसं सांगता येत नाही. हाक मारली तर धावून येईल असं त्याला कोण कोण आहे, यावरून ते अचूक सांगता येतं. त्याला त्यांनी 'बंध' असं नाव दिलं. बंध जास्त असलेला माणूस राहतो, बंध नसलेला आज ना उद्या जातो. गोष्ट अगदी खरी होती. आणि पेरणखोलनं तर एकमुखानं आपले बंध शून्य सांगितले होते.

पेरणखोल म्हणजे आजरा तालुक्यातलं डोंगराच्या पोटाशी बसलेलं गाव. भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांची, इतकी अरुंद की लावणीचं यंत्र आणलं तर ते वळवायचं कुठं हाच प्रश्न. तिथला घनसाळ तांदूळ शिजला की वास रस्त्यापर्यंत येतो. तरणी माणसं बहुतेक बाहेर, गावात पन्नाशीच्या पुढचे जास्त. या गावाला सेवाघर हवं होतं. सेवाघर म्हणजे एका छताखाली नर्स, म्हाताऱ्या माणसांना दुपारचं गरम जेवण, आणि आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घेणारा फिजिओ. गावातल्या बाकीच्यांना ते झालं तर बरं, इतकंच होतं. शालनचं मात्र सगळं त्याच्यावर अडलं होतं. नवऱ्याचा, दिनकररावांचा, उजवा हात आणि पाय व्यायामावाचून आखडत चालला होता. आजऱ्याला नेऊन आणायचं तर अख्खा दिवस जायचा आणि ते पुढचे दोन दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की नियमानं व्यायाम झाला तर हे चालतील, नाहीतर नाही. लेक स्नेहल रोज संध्याकाळी फोन करून पुण्याला या म्हणायची. तिनं खोली रंगवून ठेवली होती, खाली इमारतीतच फिजिओ होता. लेकीत काही खोट नव्हती, म्हणून तर नाही म्हणणं जड जात होतं. सेवाघर झालं तर आम्ही राहू, नाही झालं तर दिवाळीपर्यंत येऊ, असं शालननं तिला कबूल केलं होतं.

निकाल दाखवायला सरपंच संताजी होडग्यांनी ग्रामपंचायतीत मोठा पडदा लावला. सगळं गाव बघायला जमलं. पडद्यावर खोटं पेरणखोल होतं, माणसागणिक एक पिवळा ठिपका. नावं नव्हती, पण एवढ्याशा गावात नावं लागतात कशाला? 'स्त्री, वय चौसष्ट, पती अंथरुणाला खिळलेला, एक मुलगी पुण्यात' हे वाचल्यावर सगळ्यांनी एकदम मागं वळून शालनकडं पाहिलं. मग सरपंचांनी वर्षं पुढं सरकवली. ठिपके विझायला लागले. शालनचा आणि दिनकररावांचा ठिपका दुसऱ्याच वर्षी विझला, आणि सगळ्यांत खाली आकडा आला एकोणचाळीस. सेवाघराला शंभर लागत होते.

कुणीतरी थट्टेनं म्हणालं, की शालनवहिनी, पेढे देऊन तरी जायचं. दोघंतिघं हसले. इंदू हसली नाही. ती पदर खोचून सरळ घरी निघून गेली.

इंदू तिची तीस वर्षांची पैऱ्यातली जोडीदारीण. त्या भागात लावणीला मजूर लावत नाहीत, पैरा करतात. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, दिवसाला दिवस. दहा-बारा बायका मिळून एकेकीचं खाचर उरकायचं आणि कुणाचा किती दिवस कुणावर आहे ते तोंडीच लक्षात ठेवायचं. विसरलं म्हणणारी अजून गावात जन्माला यायची होती.

पडदा लागल्यापासून मात्र गावाची नजर बदलली. कोण राहणार, कोण जाणार, याचे हिशेब पारावर सुरू झाले. ज्यांचे ठिपके विझले होते त्यांना लोक जरा जपून हाक मारू लागले. एकानं दुसऱ्याला सामाईक विहिरीच्या दुरुस्तीत धरलं नाही, तू तर चाललासच म्हणून. चाललोय असं त्या बापड्याच्या मनातही नव्हतं. आता यायला लागलं. यंत्रानं नुसतं भाकीत केलं होतं, ते खरं करून दाखवायचं काम गाव आपणहून करत होतं.

लावणीचे दिवस आले तशी शालन इंदूकडं पैऱ्याचं विचारायला गेली. इंदू सुपातला तांदूळ निवडत राहिली. यंदा आपलं होडग्यांच्या बायकांशी ठरलंय, असं ती खाली मान घालून म्हणाली. शालन तशीच उभी राहिली. तेव्हा इंदूनं मान वर केली.

"खरं सांगू का शालन? तुझ्या शेतात दिवस घातला आन् तू गेलीस, तर तो मी कुणाकडं मागायचा? पुण्याला येऊन?"

शालन मागं फिरली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण इंदूचंही एकटीचं शेत होतं आणि ती म्हणत होती ते वावगं नव्हतं. घरी येऊन तिनं दिनकररावांना पेज भरवली. लेकीचा फोन वाजला तेव्हा पहिल्यांदाच तिनं विचारलं, की खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे. पलीकडं स्नेहलला केवढा आनंद झाला, आणि इकडं शालनच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

गावाला निकाल पटला नाही तर फेरतपासणी मागता येत होती, आणि त्यासाठी यंत्र नाही, माणूस यायचं. सरपंचांनी ती मागितली होती. त्यासाठी ईश्वरी मगदूम नावाची तिशीची मुलगी आली ती नेमकी भर लावणीत. अंगावर नवी कोरी रेनकोटची खोळ, हातात टॅबलेट. गावात एक घर उघडं असेल तर शपथ. विचारत विचारत ती खाचरांकडं आली, तर पहिल्या खाचरात शालन एकटीच वाकलेली.

ईश्वरीनं ओळख सांगितली आणि दहा मिनिटं मागितली. शालननं वरदेखील पाहिलं नाही.

"तरवा उपटून झालाय बाई, आज लागला न्हाई तर वाळून जाईल. तोंड मोकळं हाय माझं, हात न्हाईत. खाली उतर आन् काय ते विचार."

ईश्वरी घुटमळली, मग तिनं बूट काढून टॅबलेट पिशवीत घातला, पिशवी बांधावर ठेवली आणि चिखलात उतरली. शालननं तिच्या हातात तरव्याच्या रोपांची पेंडी दिली. विचारायचं राहिलंच बाजूला. मुलीची लावण बघण्यासारखी होती. कुठं रोप गळ्यापर्यंत चिखलात, कुठं मुळं आभाळाकडं. पण ती हटेना. एक ओळ वाकडी गेली की स्वतःच उपटून पुन्हा लावायची. शालनला हसू आवरेना, आणि कितीतरी दिवसांनी आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं.

शेजारच्या खाचरात इंदू नि होडग्यांच्या बायका होत्या. इंदूचं सगळं ध्यान इकडंच. शेवटी ती बांधावर येऊन उभी राहिली आणि ही कोण म्हणून तिनं विचारलं.

"कोल्हापूरची हाय," शालन म्हणाली. "माझ्या पैऱ्याला आलीया."

"पैऱ्याला? ती सांजच्या गाडीनं जाणार की. हिचा दिवस तू फेडणार कसा?"

शालननं कंबर सरळ केली. चिखलाचे हात तिनं तसेच कमरेवर ठेवले.

"मी जाईन की कोल्हापूरला. गाडी तिकडनं इकडं येतीया, तशी इकडनं तिकडं बी जातीया. आन् उद्या मी पुण्याला गेलो, तरी तुझ्या लागणीला येणार, इंदे. तीस वर्षांत कुणाचा दिवस बुडवलाय मी?"

इंदूनं त्या वाकड्या ओळींकडं पाहिलं. मग, असली लावण बघून डोळे दुखायला लागले, असं काहीतरी पुटपुटत ती बांधावरून खाली उतरली आणि ईश्वरीच्या हातातली पेंडी काढून घेऊन तिला बोटं कशी धरायची ते दाखवू लागली. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. दुपारपर्यंत ते खाचर हिरवं झालं.

जेवायला सगळ्या बांधावर बसल्या तेव्हा ईश्वरीला आपण कशासाठी आलोय ते आठवलं. हात धुऊन तिनं टॅबलेट काढला आणि इंदूला विचारलं, की इंदूमावशी, अडीअडचणीला तुम्ही कोणाची मदत घेता? कुणाची नाही, इंदू म्हणाली. पुढचीनंही तेच सांगितलं, तिच्या पुढचीनंही. अकरा जणींनी, एकीच्या शेतात पायाला चिखल फासून बसलेल्या, हातातली भाकरी खात सांगितलं, की आम्ही कुणाची मदत घेत नाही.

ईश्वरीनं टॅबलेट खाली ठेवला. "मग आत्ता इथं हे काय चाललंय?"

"ह्यो पैरा हाय," इंदू म्हणाली. मुलगी शिकलेली आहे की नाही अशी तिला शंका आली असावी. "मदत घेतली की उपकार होतोय बाई. पैऱ्यात कसला उपकार? दिवसाला दिवस."

ईश्वरी अशी हसत सुटली, की बायका घाबरल्या. तो प्रश्न मीच लिहिला होता, ती म्हणाली. कार्यालयात बसून तीन आठवडे घालवले होते तिनं त्या एका ओळीवर, आणि अख्ख्या पेरणखोलनं तिला प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं. यंत्रानंही प्रामाणिकपणे गणित केलं होतं. मग तिनं जरा विचार करून वेगळं विचारलं. तुमच्यावर कोणाचा दिवस आहे, आणि तुमचा कोणावर?

झालं, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. लावणीचे दिवस निघाले, मग कापणीचे, मग कुणाच्या लग्नातल्या पापडांचे, कुणाच्या बाळंतपणातले. दिनकररावांच्या अंगावरून वारं गेलं त्या पहाटे त्यांना गादीसकट उचलून गाडीत घालणारे चौघे निघाले. त्यांचे दिवस शालननं केव्हाच फेडले होते, आणि फेडताना त्यांच्यावर नवे चढवले होते. ईश्वरीची बोटं पुरी पडेनात. पाऊस वाढला तशी ती खोळीच्या आत टॅबलेट धरून लिहीत राहिली.

सगळं उरकल्यावर शालननं सहज विचारलं, "तुझ्यावर गं कुणाचा दिवस हाय?"

"कोणाचाच नाही, मावशी. आठव्या मजल्यावर एकटी राहते. हवं ते सगळं फोनवरून दारात येतं. आमच्या इमारतीची राहती संख्या तुमच्या गावापेक्षा वाईट आहे."

ती हसून म्हणाली खरी, पण हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. शालननं तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

नव्या प्रश्नानं सगळ्या तालुक्यात पुन्हा विचारणा झाली. गणेशचतुर्थीच्या आधी ग्रामपंचायतीत पडदा पुन्हा लागला. या वेळी दिनकररावांना खुर्चीसकट आणलं होतं. ठिपके तेच होते, पण आता एकाला दुसरा जोडणाऱ्या बारीक रेघा होत्या. इतक्या, की गावातला रस्ता दिसेना. सरपंचांनी वर्षं पुढं सरकवली. काही ठिपके याही वेळी विझले. गावात मरण आहे, शिक्षण आहे, नोकऱ्या आहेत, ते थोडंच थांबतंय. पण दहावं वर्ष आलं तेव्हा आकडा शंभर ओलांडून बराच पुढं गेला होता. शालनचा ठिपका इंदूच्या ठिपक्याला जाड रेघेनं बांधलेला, आणि पेटलेला.

दिनकररावांना बोलायला कष्ट पडत. त्यांनी डावा हात उचलून पडद्याकडं दाखवला.

"राहिलो," ते म्हणाले.

शालननं तोंडाला पदर लावला. तिच्या शेजारी इंदू बसली होती. तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पडद्याकडंच बघत राहिली.

दसऱ्याला ग्रामपंचायतीच्या दोन खोल्यांत सेवाघर उघडलं. फिजिओ म्हणून आलेला मुलगा कडक होता, दिनकररावांच्या शिव्या त्याला कळत नसत किंवा तो तसं दाखवत असे. दिवाळीत स्नेहल आली ती न्यायला नव्हे, फराळाला. बाबांना काठी टेकत अंगणातल्या तुळशीपर्यंत येताना पाहून ती तिथंच रडली, आणि रंगवलेल्या खोलीत आता शिवणयंत्र ठेवीन म्हणाली.

नवा तांदूळ घरात आला आणि एका रविवारी शालननं पिशवी भरली. दिनकररावांजवळ त्या दिवशी इंदू बसणार होती. म्हणजे इंदूचा एक दिवस चढला. शालन एसटीनं कोल्हापूरला उतरली, ईश्वरीनं दिलेला पत्ता विचारत विचारत तिच्या इमारतीपाशी गेली आणि आठव्या मजल्यावर जाऊन तिनं घंटा वाजवली.

दार उघडून ईश्वरी बघतच राहिली.

"दिवस फेडायला आलोय," शालन म्हणाली. "काम सांग."

कामच नव्हतं. लादी पुसायला यंत्र, भांडी घासायला यंत्र, कपडे वाळूनच बाहेर यायचे. मावशी, तुम्ही बसा, आपण बोलू, असं ईश्वरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. पण बोलण्यानं कुठं दिवस फिटतो? शालननं घरभर नजर टाकली आणि स्वयंपाकघरात शिरली. आज जेवण मी करीन म्हणाली. पण तिथं एका माणसापुरतं एवढंसं पातेलं, त्यात घनसाळ शिजवायचा म्हणजे तांदळाचा अपमान. शेजारी कोण राहतं, तिनं विचारलं. ईश्वरीला माहीत नव्हतं. चार वर्षं ती त्या दाराला दार लागून राहत होती.

शालन बाहेर गेली आणि तिनं शेजारची घंटा वाजवली. पोवारबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका निघाल्या. पार्सलवाला असेल म्हणून त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं. मोठं पातेलं आहे का, असं त्या दाराशी येऊन आजवर कुणी विचारलं नसावं. त्या आत गेल्या, माळ्यावरची भांडी खडखडली, आणि चांगलं वीतभर खोल अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन त्या आल्या. धुऊन देते म्हणाल्या. शालन राहू दे म्हणाली.

भात रटरटायला लागला तसा वास दाराखालून बाहेर गेला. भात, वाटाण्याची आमटी, पापड. दोघी पोटभर जेवल्या. ईश्वरीनं तीनदा भात घेतला आणि मग जमिनीवरच भिंतीला टेकून लहान मुलीसारखी झोपी गेली. शालननं तिच्या अंगावर पांघरूण घातलं, ओटा पुसला, उरलेला भात पातेल्यात तसाच झाकून ठेवला. गाडीची वेळ झाली तशी तिनं ईश्वरीला उठवलं.

"निघतो मी. तुझा दिवस फिटला बघ."

ईश्वरी लिफ्टपर्यंत आली. परत कधी याल, तिनं विचारलं. लावणीला तूच ये, शालन म्हणाली, म्हणजे मला यावंच लागेल. मग लिफ्टचं दार लागता लागता तिनं हात आडवा घातला. ते उघडं राहिलं.

"आन् शेजारच्या बाईंचं पातेलं तुझ्याकडं राहिलंय. ते रिकामं परत देऊ नको."